गुलाबाच्या वाफ्यातली पिशवी

मित्रांनो, मी एक जुनी खुरपी आहे. एका शाळेच्या बागेतली. माझ्या टोकाचा बोटभर तुकडा उडालेला आहे, आणि तो काही दगडावर आपटून उडालेला नाही. तो कसा उडाला, तेच आज सांगायचं आहे. ऐकताना तुम्हाला किळस येईल. येऊ द्या. मला अजून येते.

एका लोहारानं मला मोडीत निघालेल्या ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यातून घडवलं. भट्टीत घातलं, ठोकलं, पाण्यात बुडवलं. बाजारात मला शाळेच्या माळीणमावशीनं उचललं. तिनं अंगठ्यानं माझी धार पाहिली आणि म्हणाली, "ही चालेल." माझ्या आयुष्यातलं ते पहिलं कौतुक.

दोन वर्षांत माझी मूठ फुटली. तेव्हा मावशीच्या नवऱ्यानं मला नवी मूठ बसवली. तो त्याच शाळेत शिपाई होता. तास संपला की पोर्चमधल्या पितळी घंटेवर हातोडा मारायचा, म्हणून मुलं त्याला घंटाकाका म्हणत. जुन्या हातोड्याचा दांडा त्यानं तासला आणि माझी मूठ केली. नवा हातोडा तो खोलीत कुलूप लावून ठेवी, कारण येता-जाता घंटा वाजवल्याशिवाय पोरांना चैन पडत नसे.

मधल्या सुट्टीत दोघं झाडाखाली चहा प्यायची. मावशी पालथ्या बादलीवर बसायची आणि मी तिच्या कमरेला खोचलेली असायचे.

"आज घंटा दोन मिनिटं उशिरा झाली हो."

"तुझ्या झाडांना कुठं गाडी पकडायचीय?"

"झाडांना नाही, मला चहा हवा असतो."

एवढंच बोलणं. पण ते रोज होई. मावशीची किडनी अधू होती. डॉक्टरनं उकळलेलं पाणीच प्यायला सांगितलं होतं, म्हणून दोघांची पाण्याची बाटली घरूनच यायची.

मित्रांनो, मी घाणीत वाढले आहे. शेणखत, गांडुळं, सडलेली पानं, एकदा तर कुत्र्यानं आणून टाकलेला मेलेला उंदीर. मावशी नाक न मुरडता सगळं मातीत मिसळायची, आणि दोन महिन्यांनी तिथं फुलं यायची. घाणीची मला कधीच किळस वाटली नाही. मला किळस यायला लागली ती शाळा स्वच्छ व्हायला लागली तेव्हा.

त्या वर्षी शाळेला आदर्श शाळेचं बक्षीस हवं होतं. तपासणी समिती येणार होती. मुख्याध्यापिकेला सगळे मोठ्या बाई म्हणत. त्यांनी वाफ्याचे दगड चुन्यानं रंगवून घेतले. रोज दोनदा फिनेल. ज्या मुलांचा आवाज घोगरा होता, त्यांनी प्रार्थनेत नुसते ओठ हलवायचे. आणि बागेत एकही कोमेजलेलं फूल दिसता कामा नये.

"बाई, फूल आहे ते. कोमेजणारच," मावशी म्हणाली.

"मग कोमेजायच्या आधी काढा."

या शाळेत हजेरीचे क्रमांक मार्कांवर लागत. मागच्या वर्षी जो पहिला, तो यंदा एक नंबर. दहावीतली एक मुलगी सलग पाच वर्षं एक नंबर होती. तिचं नावच पहिली पडलं होतं. तिचे मोजे कायम पांढरेशुभ्र. ती शाळेची स्वच्छता प्रमुख होती आणि गच्चीची किल्ली तिच्याकडे असायची. मावशीचा तिच्यावर जीव होता. "पोरगी कधी खळखळून हसताना दिसत नाही हो," ती काकांना सांगायची.

समिती यायला महिनाभर असताना, एका दुपारी कवायतीच्या तासाला पहिली एकटीच बागेत आली. मावशी मागच्या बाजूला कुंड्या भरत होती. मी बादलीवर पडले होते. मुलीनं मला उचललं आणि गुलाबाच्या वाफ्यात खोदायला लागली. कधी माती उकरलेली नसावी. तिनं माझ्याकडून एक मूळ तोडवलं. खड्डा जेमतेम वीतभर झाला.

तिच्याजवळ कवायतीचे बूट ठेवायची पांढरी कापडी पिशवी होती. त्यात मेलेलं मांजर होतं. ओलं. फुगलेलं. पिशवीतून पाणी ठिबकत होतं आणि त्याचा वास असा होता की ती दर क्षणाला आवंढा गिळत होती. तिनं पिशवी खड्ड्यात दाबली, वर माती ओढली, तळहातानं वाफा सारखा केला आणि वर खत पसरलं. मग नळाखाली मला साबणानं धुतलं. तीनदा. मला जन्मात साबण लागला नव्हता. पुसून तिनं मला होते तशीच बादलीवर ठेवलं, मूठ त्याच बाजूला.

मांजर कशानं मेलं ते मला माहीत नव्हतं. एक गोष्ट मात्र मी पाहिली. दुसऱ्या दिवसापासून ती शाळेचं पाणी पीत नव्हती. तिच्या दप्तराला निळी बाटली लटकत होती.

त्याच आठवड्यात मुलं आजारी पडू लागली. आधी दुसरीच्या वर्गातली अकरा. मग चाळीस. उलट्या, जुलाब, ताप. पुढचे दात पडलेली एक चिमुरडी रोज मावशीला चिकटायची. तिला दवाखान्यात सलाईन लावलं. शाळेचं नाव खराब व्हायला लागलं, आणि मोठ्या बाईंना कुणीतरी दोषी हवं होतं.

लहान मुलांचे पिण्याचे माठ मावशी शाळेच्या नळावरून भरायची. बाईंनी तिला बोलावलं. मी तिच्या कमरेलाच होते. शिक्षक उभे होते आणि कोपऱ्यात स्वच्छतेची नोंदवही छातीशी धरून पहिली.

"तुम्ही शेणखताच्या हातांनी माठ भरता," मोठ्या बाई म्हणाल्या.

"बाई, हात मी धुते. कोपरापर्यंत धुते."

"मग मुलं उगाच आजारी पडली?"

मावशीचा चेहरा पडला. पंचवीस वर्षांत कुणी तिच्या हातांना नावं ठेवली नव्हती. ती बाहेर गेली आणि व्हरांड्यातल्या माठातून पेला भरून आली.

"हे माझ्या हातचं पाणी. घ्या, सगळ्यांसमोर पिते."

पहिलीनं तोंड उघडलं.

"काय गं?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली.

मावशीनं पेला संपवला. मग आणखी एक भरून आणला आणि तोही प्यायली.

संध्याकाळी तिला उलट्या सुरू झाल्या. चौथ्या दिवशी ती गेली. वय झालं होतं, तब्येत आधीपासूनच नाजूक होती, असं सगळे म्हणाले. शाळेनं दोन मिनिटं शांतता पाळली आणि पहिलीनं भाषण वाचलं. मी तेव्हा पोर्चजवळच्या अवजारांच्या खोलीत होते. खिडकीतून शब्द न् शब्द ऐकू आला. 'मावशींनी आमच्या शाळेची बाग फुलवली.' उच्चार स्पष्ट, एकही चूक नाही. टाळ्या वाजवायच्या नव्हत्या, तरी कुणीतरी वाजवल्या.

मला वाटलं, आपण गंजून जावं.

दहा दिवसांनी घंटाकाका कामावर आले. समिती दुसऱ्या दिवशी यायची होती. त्यांनी तिसऱ्या तासाची घंटा दिली, हातोडा कुलपात ठेवला आणि अवजारांच्या खोलीत येऊन मला हातात घेतलं. मुठीवर मावशीच्या अंगठ्यानं एक खळगा पडला होता. काकांनी त्या खळग्यावर आपला अंगठा ठेवून पाहिला. त्यांचा अंगठा त्यात बसत नव्हता. जाड होता. मग त्यांनी मावशीनं मुळं फुटायला ठेवलेली गुलाबाची फांदी घेतली आणि वाफ्यापाशी गेले.

"काका, तिथं नको!"

वर्गाच्या खिडकीतून बघून पहिली पळत आली होती. उशीर झाला होता. माझं टोक कापडात घुसलं होतं. काकांनी माती बाजूला केली, आणि वास वर आला. पिशवी काळी पडली होती, तरी निळ्या दोऱ्यानं भरलेला आकडा दिसत होता. एक.

"हे काय आहे गं?"

ती तिथंच मातीत बसली. पांढऱ्या मोज्यांनिशी.

"मांजर आहे. टाकीत पडलं होतं."

"कुठल्या टाकीत?"

"गच्चीवरच्या. पिण्याच्या. शाळेच्या अल्बमसाठी फोटो काढायचे होते, म्हणून झाकण सरकवून आम्ही वर्गातल्या मुली टाकीवर चढलो. लावायचं राहिलं. दहा दिवसांनी पाण्याला वास यायला लागला म्हणून मी बघायला गेले."

"आणि टाकी?"

"झाकण लावलं."

"रिकामी नाही केली?"

"रिकामी करा म्हटलं असतं तर का ते सांगावं लागलं असतं. माझ्याकडे किल्ली होती काका. एक मार्क गेला तर घरी दोन-दोन दिवस माझ्याशी कुणी बोलत नाही. मला वाटलं, पाणी वाहून जाईल, काही होणार नाही."

काका खाली बसले.

"ती दोन पेले प्यायली," ते म्हणाले. "तू तिथंच होतीस."

"हो."

"एका पेल्यानंतरसुद्धा बोलता आलं असतं तुला."

काकांनी तिला शिवी दिली नाही, हातही उगारला नाही. एवढंच म्हणाले, "पोरं अजून तेच पाणी पितायत. ऊठ. पिशवी घे. बोलायचं तू. मी नुसता उभा राहीन."

मोठ्या बाईंच्या टेबलावर समितीसाठी फुलांची परडी सजवलेली होती. मुलीनं पिशवी जमिनीवर ठेवली आणि सगळं सांगितलं. मला वाटलं, आता बाई किंचाळतील, धावतील, कुणाला तरी गच्चीवर पाठवतील.

बाईंनी नाकाला रुमाल लावला.

"आधी दार लावा."

काकांनी दार लावलं नाही.

"काका, तुमचं दुःख मला कळतं. पण आता बोलून त्या परत येणार आहेत का? उद्या समिती येतेय. टाकी रिकामी दिसली तर विचारणार नाहीत? सुट्टीत धुऊन घेऊ." मग त्या मुलीकडे वळल्या. त्यांचा आवाज एकदम गोड झाला. "तुझं दहावीचं वर्ष आहे, बाळा. आईला काय वाटेल, विचार कर. जा, हे होतं तिथं ठेवून ये. आणि हात धू."

मित्रांनो, वीतभर खोल पुरलेल्या मांजराचा वास मी सोसला होता. त्या गोड आवाजाचा वास मला सोसवला नाही.

पहिलीलाही सोसवला नसावा. ती तिथंच कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या टोपलीत ओकली. तोंड बाहीला पुसलं. मग तिनं काकांच्या हातातून मला ओढून घेतलं आणि पळत सुटली.

मला वाटलं, ती वाफ्याकडे चालली. ती पोर्चमध्ये गेली. हातोडा कुलपात होता. तिनं मलाच उचलून घंटेवर मारलं.

तास अर्धा झाला होता. अवेळी घंटा ऐकून पहिल्या टोल्याला खिडक्यांत डोकी आली. दुसऱ्याला वर्गांची दारं उघडली. चौथ्या टोल्याला माझं टोक तुटलं आणि झणकन पायऱ्यांवर पडलं. ती मारतच राहिली. मला आयुष्यात बोलता आलं नव्हतं. त्या दिवशी मी वाजले.

मैदानात सगळी शाळा जमली. मोठ्या बाई मागून हाका मारत होत्या. पहिलीला ना भाषण सुचलं, ना नीट उच्चार.

"पाणी पिऊ नका. टाकीत मांजर मेलं होतं. झाकण मी उघडं टाकलं. मी... मी सांगितलं नाही. मावशींचे हात स्वच्छ होते. पाणी पिऊ नका."

व्हरांड्यात दुसरीतलं एक पोर पेला तोंडाशी धरून उभं होतं. काकांनी जाऊन तो त्याच्या हातातून अलगद काढला आणि पाणी झाडाला ओतलं. मग मुलांनी एकेक करून बाटल्या उपड्या केल्या. मैदानभर चिखल झाला. रंगवलेल्या दगडांवर, धुतलेल्या फरशीवर, सगळीकडे चिखलाची पावलं. इतकी छान मला ती शाळा कधीच दिसली नव्हती.

टाकी त्याच दिवशी उपसली. तळाशी केसांचा गाळ होता. चिमुरडी महिन्याभरानं शाळेत आली, हडकुळी, पण आली. बक्षीस दुसऱ्या शाळेला मिळालं. मोठ्या बाई अजून त्याच खुर्चीत आहेत, आणि टेबलावर फुलांची परडीही आहे. हे सांगताना माझ्या पात्याला गंज चढतो.

मुलगी दहावी झाली. कितवी आली, मला माहीत नाही. ती दर शनिवारी बागेत येते आणि वाफ्यातलं तण काढते. काका तिच्याशी बोलत नाहीत. त्यांनी तिला माफ केलेलं नाही, आणि तिनं कधी माफी मागितलेली नाही. पण शनिवारी सकाळी ते मला आठवणीनं बाहेर काढतात आणि पालथ्या बादलीवर ठेवतात. लोहाराकडे नेऊन मला नवं टोक लावायचं काकांनी अजून मनावर घेतलेलं नाही. मलाही ते नको आहे.

आमच्यासारख्या वस्तू शेवटी मुलांना सांगतात की आम्हाला जपा. माझं तसं काही मागणं नाही. मला पावसात ठेवा, गंजू द्या, मोडीत द्या. फक्त एवढं करा, मित्रांनो. तुम्हाला काही माहीत असेल आणि समोर कुणी पेला तोंडाला लावत असेल, तर लगेच बोला. आवाज घोगरा असला तरी बोला. पेला खाली यायची वाट बघू नका.