चिखलातल्या विमानाचा मालक

माझा भाऊ व्हर्लिन टॉलफसन आयुष्यभर सरळ वागला, आणि त्यातच बुडाला.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आमच्या खाडीकाठच्या दलदलीत नौदलाचं एक लढाऊ विमान पडलं. वैमानिकाचा देह त्यांनी तेव्हाच नेला, विमान मात्र टाकून गेले. सव्वीस वर्षांपूर्वी आम्ही भावंडांनी ते तुकड्यातुकड्याने उपसून काढलं. तेव्हापासून हँगरमध्ये तो बाहेरून पत्रे जोडणारे रिव्हेट ठोकायचा आणि मी पंखाच्या पोटात हात घालून मागून लोखंडी ठोकळा धरायची. त्या ठोक्यांच्या आवाजाने माझा डावा कान बहिरा झाला. यंदाच्या उन्हाळ्यात इंजिन सुरू झालं. व्हर्लिन चौऱ्याहत्तर वर्षांचा. विमान उडवायचा वैद्यकीय दाखला ऑक्टोबरपर्यंतचा, पुढे डॉक्टर देणार नव्हते. त्याला ते एकदाच उडवायचं होतं.

राहिलं होतं फक्त नाव. जुनी लढाऊ विमानं बाळगणाऱ्या आम्हा लोकांत रीत आहे: कॉकपिटच्या कडेखाली मूळ वैमानिकाचं नाव रंगवायचं, मगच पहिलं उड्डाण. ते नाव विचारायला व्हर्लिनने थेट नौदलालाच पत्र लिहिलं, वर विमानाचा क्रमांकही कळवला.

"अरे, कशाला पायावर धोंडा मारून घेतोस?" मी म्हटलं. "ग्रंथालयात जुने पेपर चाळू की."

"पेपरात चुकीचं असलं तर? मेलेल्या माणसाचं नाव आहे, आर्डिस."

तीन आठवड्यांत उत्तर आलं. नाव होतं. त्याखाली लिहिलं होतं की नौदल आपल्या विमानावरचा हक्क कधीच सोडत नाही, मग ते कुठेही आणि कितीही वर्षं पडलेलं असो. म्हणजे उपसलं आम्ही, घडवलं आम्ही, आणि आयत्या बिळावर नागोबा! मी पत्र गावातल्या एका वकीलबाईंना दाखवलं. त्यांनी वाचून फीसुद्धा घेतली नाही, तेव्हाच मी समजले की लढण्यात अर्थ नाही.

सप्टेंबरात नौदलाचा प्रेंटिस नावाचा अधिकारी आला. माणूस सभ्य होता, त्याचाच जास्त राग आला. त्याने दोन वाटा सांगितल्या. अखंड विमान त्यांच्या गोदामात न्यायचं, नाहीतर उसनं म्हणून गावच्या संग्रहालयात ठेवायचं, पण पंखाचा सगळा भार पेलणारी मुख्य तुळई कापून, म्हणजे ते पुन्हा कधी उडणार नाही.

"मला एक फेरी मारू द्या," व्हर्लिन म्हणाला. "वीस मिनिटं. मग काय कापायचं ते कापा."

"सरकारी मालमत्ता आहे, मिस्टर टॉलफसन. माझ्या हातात नाही."

"आणि चिखलात होतं तेव्हा कुणाची होती? बेडकांची?" मी ओरडले.

 व्हर्लिनने पंखावर हात ठेवला.

"गोदामात त्याला कोण बघणार?" तो म्हणाला. "इथंच राहू दे."

प्रेंटिसबरोबर आलेल्या कामगाराने करवत भलत्याच जागी लावली. माझ्याने बघवेना.

"दे इकडे, मेल्या! सगळा पंख फाडशील."

तुळई मीच कापली. प्रेंटिसने कापाला मोजपट्टी लावून पाहिली.

"चार इंच खोल हवं, मॅडम. हे तीनच आहे."

मी करवत पुन्हा लावायला तयार नव्हते. व्हर्लिन पुढे आला, करवत माझ्या हातातून घेतली आणि उरलेला इंच स्वतः कापला. प्रेंटिसने कागदावर खूण केली आणि ते गेले. व्हर्लिनने कानस काढली आणि कापाच्या कडा घासू लागला.

"आता कशाला?" मी रडतच विचारलं.

"शाळेची पोरं येतील बघायला," तो म्हणाला. "हात कापेल कुणाचा तरी."