धुऱ्यावरची वांगी

मित्रांनो, मी एक जुना फावडा आहे. पातं माझं पहिलंच, दांडा मात्र चौथा. आंधळगावच्या लोहारानं ट्रकच्या मोडक्या कमानपाट्यातून मला घडवलं. बायजाबाईंच्या यजमानांनी धावड्याच्या लाकडाचा दांडा बसवून मला घरी नेलं. पस्तीस पावसाळे मी त्यांच्या धानाच्या बांध्यांना, म्हणजे खाचरांना, मातीच्या उंच कडांचे धुरे घातले. माझी धार पाहून शेजारी मला मागून नेत. पुढे शेतात ट्रॅक्टर आला, मालक वारले, आणि मी गोठ्याच्या कोपऱ्यात गंजत पडलो.

बायजाबाई शाळेत मुलांचा स्वयंपाक करतात. एका जुलैत तिथे शिक्षकांसाठी परसबागेचं प्रशिक्षण भरलं. अवजारं कमी पडली, म्हणून त्यांनी मला घासूनपुसून नेलं. किती वर्षांनी माझ्या पात्याला ऊन लागलं!

शाळेमागच्या त्या तुकड्यावर ग्रामपंचायत सिमेंटचे गट्टू बसवणार होती. गट्टू भिंतीशी रचूनही झाले होते. मुख्याध्यापिकांनी कशीबशी दोन महिन्यांची मुदत मागून घेतली होती. बाग जगली तर बाग, नाहीतर गट्टू.

शिकवायला आलेल्या राखी मॅडमनी सकाळी उंच वाफ्यांची चित्रं दाखवली, वाफे करायला सांगितलं आणि दुपारी त्या दुसऱ्या शाळेत गेल्या.

"आमाले का शिकवता जी? आमचा जन्म चिखलातच गेला," याच शाळेत शिकवणारे, करडी गावचे भूपेंद्र गुरुजी त्यांच्या पाठीमागे म्हणाले, आणि सगळे हसले. सगळीच धान पिकवणाऱ्यांची लेकरं. त्यांनी सवयीनं चौकोनी बांध्या केल्या, चारी बाजूंनी धुरे घातले, मधे वांग्याची रोपं लावली आणि पाणी तुंबवलं. मीही आनंदानं राबलो. मला तरी दुसरं काय येत होतं?

दहा दिवसांनी शिक्षक पुन्हा जमले, तेव्हा रोपं पिवळी पडली होती. कित्येकांनी माना टाकल्या होत्या.

तांदूळ निवडता निवडता बायजाबाई उठून आल्या. "काहो गुरुजी, वांग्याची धानासारखी रोवणी केली का तुमी?"

"पाणी तर रोज देऊन राहिलो ना, बाई!"

"तेच तर! घरी तूर कुठी लावता? बांधीत का धुऱ्यावर?"

भूपेंद्र गुरुजी पिवळ्या रोपांपाशी वाकले. मग हळूच म्हणाले, "धुऱ्यावर."

त्यांनी मला उचललं. त्या दिवशी आम्ही धुरे रुंद केले, पाण्याला वाट काढून दिली आणि जगलेली रोपं वर चढवली. तेवढ्यात राखी मॅडम आल्या. सगळं ऐकून त्यांनी बायजाबाईंपुढे खुर्ची ठेवली. "आजचा तास तुमचा."

"अवो, मी का शिकवू? माही भाजी फोडणीची राहिली."

"फोडणी मी देतो," भूपेंद्र गुरुजी म्हणाले, आणि खरंच स्वयंपाकघरात गेले. भाजी थोडी करपली, पण मुलांनी ती कौतुकानं खाल्ली.

मुदत संपली तेव्हा धुऱ्यांवर जांभळी फुलं डुलत होती. गट्टू वाफ्यांमधल्या पायवाटेला लागले. आता मुलं माझ्या दांड्यानं वाफे मोजतात आणि वहीत क्षेत्रफळ काढतात. एक बांधी मात्र गुरुजींनी मुद्दाम तशीच ठेवली. तिच्यात पाणी आवडणारी कोचई, म्हणजे अळू, लावली आहे. प्रशिक्षणाला नवे शिक्षक आले की गुरुजी त्यांना आधी तिथे नेतात. "हे माही चूक होय. पहिलं हे पाहा, मग चित्रं." एवढं मोठं मन मी फार थोड्या माणसांचं पाहिलं.

मित्रांनो, माझं एकच मागणं आहे. काम झालं की माझी माती धुवा आणि मला कोरड्या जागी उभं करा. ओल्या बांधीत विसरू नका. तुंबलेल्या पाण्यात मुळं काय अन् दांडा काय, दोन्ही कुजतात. आणि मला अजून पुष्कळ वाफे करायचे आहेत.