राणीने मागे वळून का पाहिलं नाही

गाईडमध्ये राणीचा निकाल दीड ओळीत लावला होता: निष्ठुर, मत्सरी, सावत्र. मी तेच स्वाध्यायाच्या वहीत उतरवलं, वर पदरचे दोन अपशब्द घातले.

धडा एका जुन्या काव्यातला. राजधानीला वेढा पडलेला असतो. राणी सवतीच्या मुलाला होडीत बसवते, नावाड्याच्या हवाली करते आणि मागे वळून न पाहता महालात परतते. का, ते कवी सांगत नाही.

कल्लूराय मास्तर आम्हाला दहावीला कन्नड शिकवायचे आणि सुट्टीत गावोगावी ताळमद्दळेला, म्हणजे बैठ्या यक्षगानाला, बसायचे. ना रंग, ना मुकुट. भागवत, म्हणजे गायक, पद गातो, आणि बाकीच्यांनी बसल्या जागी पात्राच्या तोंडून त्याचा अर्थ सांगत समोरच्याशी वाद घालायचा.

"वारिजा, हे तुझं की गाईडचं?" वही मिटून मास्तरांनी विचारलं.

"गाईडचं, सर. शिव्या तेवढ्या माझ्या."

"मग शाळेच्या समारंभात ताळमद्दळे आहे, त्यात राणीचा अर्थ तूच सांग. नियम एकच. 'ती' म्हणायचं नाही, 'मी' म्हणायचं."

"हिला काय अवघड?" मागून पद्मराज म्हणाला. "घरीच बघून आलीये!"

वर्ग हसला. मला हसू आलं नाही. वडील गेल्यावर माझ्या सावत्र आईने, चिक्कम्माने, मला तालुक्याच्या वसतिगृहात आणून टाकलं होतं. "ब्याद घालवली," असं सगळी वाडी म्हणायची आणि मलाही ते पटलं होतं. दर रविवारी ती अळूच्या पानांचे पत्रोडे घेऊन यायची. विड्या वळून वळून बोटांना तंबाखूचा वास. "खा, वाळत चाललीयेस," एवढंच बोलायची आणि बसकडे चालू लागायची. वळणावर पदराने घाम पुसायची, पण मागे म्हणून बघायची नाही.

समारंभाला ती येणार होती. भरल्या सभेत मी सावत्र आईला निष्ठुर म्हणणार आणि लोक माना वळवून तिच्याकडे बघणार. मास्तरांना तसं सांगितलं, तर म्हणाले, "निष्ठुर असशील तर तसं म्हण. नसशील तर नको म्हणूस."

समारंभात चिक्कम्मा दुसऱ्या रांगेत बसली होती. पद्मराज झाला होता मोठा होऊन परतलेला राजपुत्र, आणि जीभ तर त्याची जन्मजात धारदार.

"आई म्हणवतेस ना? मग मला होडीत लोटून मागे वळून का नाही पाहिलंस?"

'मी निष्ठुर होते' हे वाक्य तोंडातून निघेना. माझी नजर चिक्कम्माकडे गेली. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"वळले असते, तर तुला परत घेऊन आले असते," मी म्हणाले. "आणि इथे तुझ्यासाठी काय होतं, बाळा? तुझे काका तुझी शाळा सोडवून तुझ्या मांडीवर विड्या वळायला तंबाखूचं सूप ठेवायला टपले होते!"

सभा खो खो हसली. राणीच्या महालात विड्या! भागवत म्हणून बसलेल्या मास्तरांनीही झांजेआड तोंड लपवलं. पण माझे काका तसं खरंच म्हणाले होते, माझ्यासमोर. आणि त्याच आठवड्यात चिक्कम्माने माझी ट्रंक भरली होती. दोन्ही गोष्टी मला ठाऊक होत्या, पण कधी एकत्र ठेवून पाहिल्या नव्हत्या.

पद्मराजला हसू आलं नाही. त्याने हळूच विचारलं, "मग मला सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस कधी?"

मास्तरांनी मला किती गुण दिले ते आता आठवत नाही. त्यांनी 'मी' म्हणायला लावलं, ते उपकार मात्र मी जन्मभर विसरणार नाही.

समारंभानंतर चिक्कम्माने पत्रोड्यांचा डबा माझ्या हातात कोंबला. "राणीच्या पोराला कुणी तंबाखू देतं का गं, येडे?"

एवढं बोलून ती बसकडे निघाली. मी फाटकात उभी राहिले. सूर्य बुडून वारं सुटलं होतं, अंगावर काटा येण्याइतकं गार. वळणावर नेहमीसारखंच तिचं कोपर वर गेलं आणि पदर चेहऱ्याकडे गेला. घाम येण्यासारखं तेव्हा काहीच नव्हतं.