कामिनीच्या तीन बॅगा

कामिनी जळगावहून आपत्ती व्यवस्थापनाचं दोन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आली ती गळ्यात नारिंगी शिट्टी अडकवूनच. चोपड्याच्या बाहेर, केळीच्या मळ्यात त्यांचं घर. फाटकापासून ओट्यापर्यंत येईतो तिनं ती दोनदा वाजवून पाहिली. पहिल्यांदा कुत्रं धावत आलं, दुसऱ्यांदा सासरे.

"काय झालं?" निंबा आबांनी धापा टाकत विचारलं.

"झालं काहीच नाही, आबा. पण होऊ शकतं."

महिला मंडळातून तिचं नाव गेलं होतं. बाकीच्या बायका जेवणाची थाळी आणि प्रमाणपत्र यांवर खूश होऊन परतल्या. कामिनी मात्र झपाटून आली. दुसऱ्या दिवशी सकाळी घराच्या मधोमध तीन रिकाम्या बॅगा उभ्या होत्या. एक घराची, एक गाडीची, एक घरातल्या माणसांची. घराच्या बॅगेत बॅटरी, मेणबत्त्या, औषधं, मलमपट्टी. गाडीच्या बॅगेत दोर, करवत, ताडपत्री, पाण्याच्या बाटल्या. माणसांच्या बॅगेत कागदपत्रांच्या नकला, प्रत्येकाचा एकेक कपड्यांचा जोड, प्रशिक्षणात मिळालेली चंदेरी कागदासारखी उबदार चादर आणि तीन दिवस पुरेल एवढं खाणं.

"तीन दिवसांचं खाणं म्हणजे?" नवऱ्यानं, जितेंद्रनं विचारलं.

"बिस्किटं. नऊ पुडे."

चुलीपाशी बसलेल्या धुरपदाबाईंनी, म्हणजे कामिनीच्या सासूनं, मान वर केली. "बिस्किटवर तीन दिन? मानूस शे का पाखरू?"

त्या उठल्या. संध्याकाळपर्यंत बॅगेत शेव गेली, ज्वारीच्या बिबड्यांची, म्हणजे पापडांची, थप्पी गेली, ठेच्याची बरणी गेली, दराब्याच्या लाडवांचा डबा गेला. कामिनीनं तक्ता दाखवला, वजनाची मर्यादा वाचून दाखवली. धुरपदाबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि बॅगेत सगळ्यांत वर तवा-उलथनं ठेवलं.

रविवारी सराव झाला. शिट्टी वाजली की तीन मिनिटांत सगळ्यांनी अंगणातल्या लिंबाखाली जमायचं, असं ठरलं. कामिनीनं घड्याळ धरलं, गाल फुगवले आणि वाजवली. जितेंद्र अर्ध्या गालाला साबण लावून, हातात मिक्सर घेऊन आला. मिक्सरच का, हे त्याला स्वतःलाच सांगता येईना. आबा खाट ओढत आले. ती दारात आडवी अडकली आणि त्यांच्या मागे घर बंद झालं. धुरपदाबाई आल्याच नाहीत.

"आई! घर पडतंय असं समजा!"

"पडू दे," आतून आवाज आला. "भाकर तव्यावर शे."

अकरा मिनिटं लागली. दुसऱ्या वेळी सात. तिसऱ्या वेळी धुरपदाबाई लुगड्याचा काचा मारून अशा सुटल्या, की सगळ्यांच्या आधी लिंबाखाली पोचल्या आणि उलट्या कामिनीलाच ओरडल्या, "कोठे ऱ्हायनी व तू?" मग चौघंही हसत हसत तिथंच मातीत बसले. पुढच्या आठवड्यात तर शिट्टी कामिनीच्या ताब्यातच राहिली नाही. दुपारी सगळे जरा कलंडले, की धुरपदाबाई हळूच ती उचलायच्या आणि फुंकायच्या.

मे अखेरीला जितेंद्रच्या बहिणीचं, ज्योत्स्नाचं, शिरपूरला डोहाळजेवण होतं. आदल्या दिवशी दुपारी जीप निघाली. धुरपदाबाई तिन्ही बॅगा घेऊन हजर.

"आई, घराची बॅग घरातच ठेवायची असते."

"घरमा कोनी नहीं, तं घरनी बॅग कोनासाठे?"

यावर प्रशिक्षणात काही सांगितलेलं नव्हतं. तिन्ही बॅगा गाडीत चढल्या. आबा त्यांतल्या एकीवर बसले.

अनेर नदी जवळ आली, तोच समोरून धुळीची भिंत उठली. जितेंद्रनं गाडी मोकळ्या जागी, झाडांपासून लांब घेतली. वारा असा सुटला, की जीप पाळण्यासारखी हलू लागली. मग टपोरे थेंब, मग गारा आणि पुढे कडाड् करून आवाज. दहा मिनिटांत सगळं निवळलं. पाहतात तर रस्त्यावर एक थोराड लिंब आडवा, आणि त्याच्या अलीकडे वऱ्हाडाचा टेम्पो उभा.

कामिनी शिट्टी वाजवतच धावली. आधी विजेची तार कुठे पडली आहे का ते पाहिलं. नव्हती. मग एकेकाला हात लावून विचारलं, "लागलं का? कुठं दुखतंय?" ड्रायव्हरचं कोपर खरचटलं होतं, त्याला तिनं एवढी मोठी पट्टी बांधली की तो ती सगळ्यांना दाखवत फिरू लागला. हळद लावलेला नवरदेव गोपाळ चिंब भिजून थरथरत होता. पण गारठ्यानं की लग्नानं, ते कळत नव्हतं. त्याचे वडील अमरसिंग आडव्या झाडाकडे बघत कपाळाला हात लावून उभे होते. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातून हे वऱ्हाड निघालेलं, आणि नवरीचं गाव झाडाच्या पलीकडे जेमतेम दोन किलोमीटर.

"फोन लावा तिकडे," कामिनी म्हणाली. "सगळे सुखरूप आहेत म्हणून सांगा. बाकी आपण बघू."

आपण बघू, असं ती म्हणाली खरी; पण तक्त्यात वऱ्हाडाचा रकाना नव्हता.

टेम्पो आणि जीप यांच्यामध्ये ताडपत्री ताणली. जितेंद्र आणि अमरसिंग करवत घेऊन फांद्यांना भिडले. नवरदेवाची आजी, बुधीबाई, कुडकुडत होती. कामिनीनं तिला चंदेरी चादर पांघरली. म्हातारीनं स्वतःकडे पाहिलं, उन्हाची तिरीप पडून ती सगळी लखलखली, आणि ती म्हणाली, "नवरीपेक्षा मीच चमकतेय!" मग काही केल्या ती चादर काढेना.

धुरपदाबाईंनी डबे उघडले. "खाई ल्या रे बठ्ठा! नवरदेवले पहिले द्या, उपाशी शे तो." लाडू फिरले, शेव फिरली. तीन दिवसांचं खाणं अर्ध्या तासात संपलं. बिस्किटांना कुणी हात लावला नाही.

तेवढ्यात पलीकडून ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत माणसं दाटीवाटीनं उभी, आणि सगळ्यांत पुढे, मुंडावळ्या बांधून, हातात हार घेऊन नवरी रोशनी.

"पोरी, तू कशाला आलीस?" अमरसिंग ओरडले.

"किती वाट बघायची?" रोशनी पलीकडून ओरडली. "म्हटलं, मीच जाते!"

दोन्हीकडून एकच हशा उठला. एव्हाना फांद्या तोडून बुंधा मोकळा झाला होता. पायी पार व्हायला वाट होती, पण आता पार व्हायचं कुणालाच सुचेना. गोपाळला चौघांनी उचलून बुंध्याजवळ नेलं. रोशनी पलीकडे टाचा उंचावून उभी राहिली. बुंध्यावरून हार पडले, इकडचा तिकडे, तिकडचा इकडे. अक्षता म्हणून धुरपदाबाईंनी पाल्याखाली साचलेल्या ओंजळभर गाराच उधळल्या.

वऱ्हाडाचा ढोल भिजून ढब्ब झाला होता. मग टेम्पोचा ड्रायव्हर पट्टी बांधलेल्या हातानं टपावर ठेका धरू लागला, धुरपदाबाईंनी तव्यावर उलथनं हाणलं आणि कामिनीनं शिट्टी ओठांत धरली. चिखलात वर्तुळ झालं. बुधीबाई चंदेरी झगमगाट करत मधोमध, आबा धोतराचा सोगा सावरत तिच्या मागे. कामिनीचा पदर चिखलात लोळत होता, केसांतून पाणी गळत होतं. लग्न होऊन आठ वर्षं झाली, पण आपण शेवटचं इतकं कधी नाचलो, ते तिला आठवेना.

झाड ओढायला यंत्र आलं, तेव्हा यंत्रवाल्यानं बराच वेळ भोंगा वाजवला. कुणी हललं नाही. शेवटी तोही उतरून वर्तुळात शिरला. मग रस्ता मोकळा झाला. पण अमरसिंग जीपच्या दारात आडवे. "जेवल्याशिवाय जाऊ देणार नाही."

"शिरपूरला वाट पाहत असतील हो," जितेंद्र म्हणाला. पण आबा केव्हाच ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत जाऊन बसले होते.

मांडवात पंगत बसली आणि फोन वाजला. ज्योत्स्ना.

"वहिनी, कुठपर्यंत आलात?"

"आज मुक्कामाला नाही येत गं. उद्या सकाळी हजर. लग्नात आहोत."

"लग्नात? कोणाच्या?"

कामिनीनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. आडनाव तिला ठाऊक नव्हतं, गावाचं नाव तिनं विचारलंच नव्हतं, आणि समोर तिची सासू नवरीच्या आईला आपली सख्खी विहीण असल्यासारखी आग्रह करून वाढत होती. हसण्याची अशी उबळ आली, की तिला एक शब्द बोलता येईना. तिनं फोन जितेंद्रकडे दिला. त्यालाही बोलता येईना.