मामांची काच गळत नाही

काच काढायला ताकद लागते असं ज्यांना वाटतं, त्यांनी कृपा करून माझ्या वर्कशॉपपासून लांब राहावं. काच काढायला कान लागतो. रबर सुटायला लागलं की चुटुकचुटुक वाजतं, ते वाजतंय तोवर ढकलत राहायचं. काच करकरली की जागच्या जागी थांबायचं. हे मला मामांनी शिकवलं आणि आता मी ते त्यांच्यापेक्षा चांगलं करते. त्यांच्या तोंडावर सांगते, त्यामुळे पाठीमागे सांगायलाही हरकत नाही.

त्या दिवशी गाडी मामांचीच होती. लग्नानंतर हौसेने घेतलेली, दोन दारांची, फुगीर पाठीची. मागच्या सीटशेजारच्या तिच्या काचा उघडत नाहीत, रबराच्या चौकटीत कायमच्या बसवलेल्या आहेत. त्यातल्या डाव्या काचेखालचा पत्रा गंजून त्याची जाळी झाली होती. वेल्डर म्हणाला, आधी काच काढून द्या, नाहीतर आगीने तडकेल. बरोबरच बोलला. पण काच बाकदार, कंपनी कधीच बंद पडलेली, आणि जुना बाजार पालथा घालूनही जोडीची दुसरी मिळाली नव्हती. रबरही मिळत नाही, म्हणून ते कापून मोकळं व्हायची सोय नव्हती. काच फुटली असती तर गाडी कायमची ताडपत्रीखाली गेली असती. आणि आजारपणात उजव्या हाताची पकड गेल्यापासून मामाही स्वतःवर ताडपत्री ओढून घ्यायच्याच बेतात होते. मला भीती होती ती त्याची.

आमची रीत ठरलेली. मी आत सीटवर आडवं होऊन तळपायांनी काच ढकलायची, मामांनी बाहेर उभं राहून ती हातात घ्यायची. त्या दिवशीही ते बाह्या सारून आपल्या जागेवर उभे राहिले. मामी स्टुलावर बसली होती, मांडीवर पिशवी घेऊन. तिची नजर मामांच्या उजव्या हातावर होती, म्हणजे त्यात काच पेलणार नाही हे तिलाही दिसत होतं. कोणीतरी वाईटपणा घ्यायलाच हवा होता.

"मामा, आज तुम्ही आत, मी बाहेर," मी म्हणाले.

"हात गेलाय म्हणून?"

"हो. पाय शाबूत आहेत ना?"

मामा खाली वाकून बूट काढायला लागले. मामी खुदकन हसली.

गंमत म्हणजे आपल्याच गाडीच्या मागच्या सीटवर मामा त्या दिवशी पहिल्यांदा बसले. ती जागा मामीची. पुढे शेजारी बसली की ती पायाने नसलेला ब्रेक दाबायची, मामांना तो आपल्या गाडी चालवण्याचा अपमान वाटायचा, म्हणून लग्नाच्या पहिल्याच वर्षी तिची रवानगी मागे झाली होती. डावीकडे, त्या काचेला खांदा लावून.

मी बाहेरची चकचकीत पट्टी उतरवली, साबणाचं पाणी सोडलं, रबराच्या कडेखालून लाकडी पट्टी फिरवली. आतून मामांनी जाड मोज्यांतले पाय टेकवले. वरचा कोपरा सुटला, मग वरची सगळी कड. चुटुकचुटुक. मामा कित्येक वर्षांनी ढकलत होते, पण पाय असे पडत होते की मी मनातल्या मनात शाबासकी दिली. उघड दिली असती तर डोक्यावर बसले असते.

खालच्या मागच्या कोपऱ्याशी काच अडली. मी आणखी साबण सोडला. काही नाही. काच करकरली आणि आम्ही दोघंही थांबलो.

जोर लावू का, मामांनी विचारलं. मी विचार केला. दुसऱ्या कोणाचं काम असतं तर गोंदाचा संशय आला असता. पण ही काच मागे मामांनीच बसवलेली. गोंद लावणं म्हणजे आपल्याला काम येत नसल्याची कबुली, असं म्हणणारा माणूस. 'मामांची काच गळत नाही' हे तर आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला चहाच्या आधी ऐकवलं जातं. तेव्हा गंजाने धरलं असणार, एका दणक्यात सुटेल. मी 'लावा' म्हणायला तोंड उघडलं आणि मामी उठून उभी राहिली.

"थांबा. तिथे मी गोंद भरलाय. चपला चिकटवायचा."

मग तिने सगळं सांगितलं. जोराचा पाऊस असला की त्या कोपऱ्यातून तिच्या खांद्यावर पाणी ठिबकायचं. एकदा तिने तक्रार केली, तर माझी काच गळत नाही, तुझी छत्री ठिबकत असेल, असं उत्तर मिळालं. पुढे ती खांद्यावर रुमाल ठेवायला लागली. शेवटी एका दुपारी मामा झोपलेले असताना तिने अख्खी ट्यूब त्या फटीत रिकामी केली.

आतून मामांचा आवाज आला. "खांद्यावर?"

"हो."

"इतकी वर्षं?"

"पाऊस असेल तेव्हाच," मामी म्हणाली. इतकं सांभाळून घेतलेलं ऐकून दुसरं कोणीही रडलं असतं. पण माझ्या हातात काच होती, रडायची सोय नव्हती.

मी बारीक तार पत्रा आणि रबर यांच्यामधून ओवली आणि करवतीसारखी मागेपुढे ओढली. गोंद चिवट होता, मामीसारखाच. तार पलीकडे निघाली तेव्हा मी आत सांगितलं, आता ढकला, हळू. काच रबरासकट माझ्या तळहातांवर अलगद आली. साधा ओरखडाही नव्हता.

पत्रा झाला, रंग झाला. काच परत बसवताना मामा आतून मला सूचना देत होते, निम्म्या उपयोगाच्या. मग त्यांनी कधी न केलेली गोष्ट केली. पाणी मारून बघणं म्हणजे स्वतःवरच अविश्वास, असं म्हणणाऱ्या माणसाने मामीला मागच्या सीटवर बसवलं, डाव्या हातात नळी धरली आणि त्या कोपऱ्यावर मनसोक्त पाणी मारलं. नळ बंद करून डोकं आत घातलं.

"गळतंय का?"

मामीने माझ्याकडे पाहिलं, मी मान फिरवली. तिने कोपऱ्यात बोट फिरवलं, ओलं बोट त्यांच्यासमोर धरलं आणि म्हणाली, "थोडंसं."

एवढ्याला काय, आतून फट बुजवायचा जरासा मसाला भरू, असं मी म्हणणार होते. पण मामा स्टुलावर टेकले होते आणि डाव्या हाताने बूट काढत होते.

"सरक जरा," ते मामीला म्हणाले. "काच काढायची आहे."