रिक्षाच्या भोंग्यातली भाची

अमळनेरच्या गल्ल्यांतून जाहिरातीची रिक्षा फिरते ना, तिच्या भोंग्यातला बाईचा आवाज माझा. मी हेमलता. साड्यांचा सेल, पोलिओचे डोस, सगळं मीच ओरडते. त्यात लाजायचं काय? सेल असतो म्हणून सांगते, डोस असतो म्हणून सांगते.

या उन्हाळ्यात स्टुडिओवाल्या हितेंद्रभाऊंनी एका चूर्णाची जाहिरात आणली. म्हणाले, ही अहिराणीत बोल. मराठीत बोललं की लोक जाहिरात समजतात, अहिराणीत बोललं की घरचं माणूस समजतात. मला बाई ते कौतुकच वाटलं! अक्कल गहाण पडली होती माझी. 'गोया फेका, माय. हाई चूर्ण ल्या, शुगर पयी जाई,' म्हणजे गोळ्या फेका, हे चूर्ण घ्या, शुगर पळून जाईल, असं मी अगदी लाडात येऊन बोलले. मनाला जरा खटकलं, तर भाऊ म्हणाले, जाहिरात कोण खरी मानतं?

माझ्या फुईनं मानली. मंजुळाबाई, माझ्या वडिलांची थोरली बहीण. भाचीचा आवाज ऐकला आणि डॉक्टरच्या गोळ्या गेल्या उकिरड्यावर. पायाची जखम चिघळली, धुळ्याच्या दवाखान्यात अंगठा काढावा लागला. पाय वाचेल की नाही, डॉक्टर अजून सांगत नाहीत.

मी भेटायला गेले, तर ही शेजारच्या खाटेवरच्या बाईला सांगतेय, भोंग्यावर बोलते ती हीच. मग माझा हात धरून म्हणाली, "मन्हंच चुकनं व माय. पथ्य करं नही मी. तू का खोटं बोलशी?"

त्यापेक्षा तिनं थोबाडीत मारली असती तर बरं. मी सगळं सांगून टाकलं. चूर्ण कधी चाखलंसुद्धा नाही, लिहून दिलं ते वाचलं. फुईनं हात सोडला.

"शेजारनी सुनंदाले मीच दिधं ते," ती म्हणाली. "तिन्या गोया बी मीच बंद करी दिन्यात. आते तिले काय तोंड दखाडू?"

शेण मी खाल्लं, आणि लाज फुईला वाटत होती. मी तिथूनच सुनंदाबाईंना फोन लावला. त्यांनी आवाज लगेच ओळखला आणि, आपली भोंगावाली बोलतेय म्हणून, कौतुकानं गल्लीतल्या बायांना हाका मारल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाया जमेपर्यंत मी फोन धरून राहिले. मग अहिराणीतच बोलले.

"ते चूर्ण लेऊ नका, माय. मी पैसा लिसन खोटं बोलनू."