हुकमाविना उभी वैदीण

मी बोलतेय ती कॉम्प्युटरच्या खेळातली वैदीण. बोटभर उंचीची, अंगात हिरवा झगा, काखेत औषधांची पिशवी. जन्म माझा सीडीतला, पण नांदले सातपूरला, रंगनाथ सुपरवायझरांच्या घरी. साल दोन हजार तीन.

खेळात आमची सहा जणांची टोळी. पुढारी रंगनाथभाऊ, आम्ही पाच सोबती. आम्हाला आमची बुद्धी दिलेली होती बरं का. जखमी दिसला की धावायचं, हे मला कुणी शिकवलं नाही. पण सोबत्यांनी आपल्या मनाने वागावं की नाही, याची खेळात एक बरोबरची खूण असते; ती लावली की आम्ही मोकळे. एकदा मी न विचारता धावले, औषध वाया गेलं. भाऊंनी ती खूण काढून टाकली.

तेव्हापासून हुकमाशिवाय पाऊल नाही. भाऊ खेळ थांबवत, एकेकाला काम सांगत, मग पुन्हा सुरू करत. लढाया जिंकत होतो, खोटं कशाला बोलू. पण उभ्या उभ्या माझ्या पायांना मुंग्या यायच्या.

त्यांची बायको ललिता भाजी निवडत बघायची. म्हणायची, "कारखान्यात तेच, घरात तेच. आता या चित्रांनाही विचारून श्वास घ्यायला लावा."

"पुढारी मी आहे," भाऊ हसत.

मग कारखान्यात ते झालं. भाऊंनी ललिताला सांगितलं ते माझ्यासमोरच. पत्रा दाबायच्या प्रेस मशीनमध्ये भिका कामगाराची बाही अडकली. शेजारी सहादू, मशीन बंद करायचं लाल बटण त्याच्या हाताशी. पण महिन्यापूर्वी त्याने नुसत्या शंकेवर मशीन बंद केलं होतं, तेव्हा भाऊंनी सगळ्यांदेखत त्याला झापलं होतं की मला विचारल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही. म्हणून सहादू भाऊंना बोलवायला पळाला. ते येईपर्यंत भिकाची दोन बोटं गेली.

मालकांनी कागद केला. दोष सहादूचा, त्याला कामावरून काढायचं. भाऊंची सही तेवढी राहिली. सुट्टीच्या दिवशी तो कागद कीबोर्डशेजारी ठेवून भाऊ सकाळपासून खेळत बसले.

दुपारी दार वाजलं. सहादूची बायको लताबाई आली होती. भाऊ गडबडीत खेळ न थांबवताच उठले. पडद्यावर लढाई चालूच. आमचा ढालवाला माझ्यापासून तीन पावलांवर पडला, आणि मी औषध धरून उभी.

लताबाई नवऱ्यासाठी विनवायला आलेली, पण तिची नजर पडद्यावर गेली.

"भाऊ, तो माणूस मरायला लागलाय. ती बाई औषध घेऊन नुसती का उभी हाय?"

ललिता म्हणाली, "यांनी सांगितल्याशिवाय तिने हलायचं नाही."

लताबाई हळूच म्हणाली, "आमच्या ह्यांचंबी तेच झालं की."

ढालवाला गेला. भाऊ खुर्चीत बसले. कागद उलटा करून मागे लिहिलं, 'बटणाला हात लावू नको, हा हुकूम माझा होता.' खाली सही केली. लताबाईला म्हणाले, "चला, मालकांकडे तुमच्यासमोरच देतो." आणि जाता जाता माझी खूण परत लावली.

लढाई अजून थांबलेली नाही. पलीकडे आमचा तिरंदाज रक्ताने भिजलाय, अलीकडे आमच्याच टोळीतला चोर कण्हतोय, औषध एकच उरलंय. खुर्ची रिकामी. इतके दिवस चडफडले, आता कुणाला वाचवायचं ते माझं मलाच ठरवायचंय. खुर्चीतल्या पुढाऱ्यांनो, चुकले तर रागवा, पण पुन्हा उभं करून ठेवू नका. चोर जवळ आहे. निघाले मी.